पैकीच्या पैकी

मानसी सात नंबरच्या खोलीत शिरली तेव्हा आजी आधीच खुर्चीवर बसल्या होत्या. मुठीत चुरगळलेला कागद, कपाळावर घाम.

भिंतीला लागून वैशाली मॅडम आणि बाकीच्या शिकाऊ नर्सेस बसल्या होत्या. रुग्णाचा धर्म, रीतभात सांभाळून कसं बोलावं, याची परळच्या त्या रुग्णालयात आज परीक्षा होती. मानसी मागच्या वेळी नापास झाली होती. आज पुन्हा झाली, तर नोकरी जाणार होती.

रुग्ण व्हायला लालबागच्या हौशी नाटकमंडळीतल्या एक बाई बोलावल्या होत्या. मानसीच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं : बौद्ध कुटुंबातल्या आजी, गुडघेदुखी, स्वभाव रागीट.

"जय भीम, आजी."

"जय भीम. अगं, सात नंबरात बसा म्हणाले, कधीची बसलेय! छातीत कळ येतेय."

मानसीनं मॅडमकडे पाहिलं.

"मुद्दाम गोंधळवतायत तुला," मॅडम पुटपुटल्या. "क्रम सोडू नकोस."

"आजी, तपासताना घरचं कुणी जवळ हवंय का?"

"सून खाली रांगेत आहे. तू आधी बघ गं, डावा हात जड झालाय."

"पौर्णिमेला उपोसथ धरता का?" बौद्धांच्या उपासाचा हा शब्द मानसीनं तीन दिवस घोकला होता.

आजी भडकल्या. "उपोसथ विचारतेस? चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय मी. पाठ करून आलेलं पोर मला दारातच कळतं. तो कागद ठेव खाली. माझ्याकडे बघ!"

"काय चिडलीय!" मागून शिकाऊ नर्सेसमधली प्रीती कुजबुजली. "एकदम खरी वाटते."

मानसीचे कान तापले. तरी तिनं आवाज चढू दिला नाही. "तुमचा त्रास मला समजतो, आजी. गुडघा कधीपासून दुखतोय?"

"चुलीत घाल तो गुडघा!"

आजी अर्धवट उठल्या आणि धपकन बसल्या. मान छातीवर आली. मुठीतला कागद खाली पडला.

"आजी, हात लावू का?"

उत्तर आलं नाही. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा शेवटचा नियम. मानसी मागे सरून शांत उभी राहिली.

"शाब्बास!" वैशाली मॅडम म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दार ढकलून एक बाई धापा टाकत आत आली.

"सॉरी हं मॅडम, उशीर झाला. गुडघेदुखीवाली आजी मीच."