रिकाम्या खुर्चीपुढचा ग्लास

रिकाम्या खुर्चीपुढच्या ग्लासातलं पाणी बोटभर उतरलं होतं. ताईला ते दिसलं.

धाकट्या भावाला त्याच्या इच्छेविरुद्ध इस्पितळात ठेवायचं का, हे आज मानसिक आरोग्य मंडळापुढे ठरायचं होतं. ताईने महिनाभर होकार लांबवला होता.

"त्या खुर्चीत एक गृहस्थ बसतात, हाच याचा भ्रम," असं म्हणत डॉक्टरांनी तो ग्लास पुन्हा भरला.

"मग पाणी कुणाला ओतताय?" भावाने विचारलं.

"उकडतंय फार," डॉक्टर पुटपुटले.

अध्यक्षबाई हळूच आपली खुर्ची घेऊन लांब सरकल्या. ग्लास रिकामा झाला. मग कुणीतरी तृप्तीचा ढेकर दिला.

"ताई, काय ते लवकर सांगा!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"याला मी घरी नेते," ताई म्हणाली आणि तिने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "यांना ठेवून घ्या."