परतलेल्या बोटी

"बंद करू नका, दाऊदभाई. आज प्रोग्राम अडकेपर्यंत चालू द्या," प्रोग्राम दुरुस्त करायला आलेली ऋजुता म्हणाली.

बंदरावरच्या वायरलेस खोलीत दाऊदभाईंचा हात कीबोर्डवरून मागे आला, पण चेहरा उतरला. समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवणारा तो जुना प्रोग्राम चालता चालता गोठायचा. एकदा तसा गोठला असताना त्यांच्या भाच्याने बोटीवरून पाठवलेली मदतीची हाक कुणापर्यंतच पोहोचली नव्हती. पोरगा पोहून किनाऱ्याला लागला, म्हणून वाचला. तेव्हापासून दाऊदभाई रोज सकाळी स्वतः येऊन प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू करत. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. सणालाही ते इथेच असत.

"बोटी बाहेर आहेत, मॅडम."

"मेमरी भरली की हा गोठतो. ती भरताना पाहिल्याशिवाय कुठे गळते ते कळणार नाही."

मग हातात वायरलेस सेट घेऊन दाऊदभाई खिडकीत बसले आणि एकेका बोटीला स्वतः हाक मारत राहिले. ऋजुता ट्रेसिंग टूलमध्ये मेमरीचा चढता आलेख बघत होती. दुपारी बोटी परतू लागल्या, तेव्हा तिला गळती सापडली. बोट धक्क्याला लागली, तरी तिच्यासाठी घेतलेली मेमरी प्रोग्राम सोडतच नव्हता.

तिने दुरुस्ती केली. पुढे कितीतरी दिवस आलेख सपाट राहिला, तरी दाऊदभाई रोज येऊन बघून जात.

एका सकाळी मात्र त्यांचा फोन आला.

"मॅडम, चालू आहे ना?"

"व्यवस्थित चालू आहे. तुम्ही कुठे आहात?"

"घरी. आज ईद आहे," ते म्हणाले. "शिरखुर्मा खायला या."