नानांचा डावा कान

‘‘आता माझ्या कानाशी यायचं नाही,’’ गाडीतून उतरता उतरता अमृतनाना म्हणाले. ‘‘मागे उभा राहा. बस्स.’’

बन्सीलालने मान हलवली. वीस वर्षं तो नानांच्या डाव्या कानाशी होता. नाना आमदार होते तेव्हा, आणि पडले त्यानंतरही. या भागात मतं सभेत मिळत नाहीत, दारावर मिळतात. कुणाचं माणूस गेलं की दहावं व्हायच्या आत दारावर जायचं, मांडवात दोन मिनिटं गप्प बसायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन एकच वाक्य बोलायचं. ते वाक्य ऐन वेळी बन्सीलाल कानात सांगे. ‘म्हातारी गेली, सुनेनं फार केलं.’ नाना म्हणत, सुनेनं फार केलं हो, आणि अख्खं घर हुंदके द्यायला लागे.

शिवाय बन्सीलालने गावोगाव वर्गणी जमवून तीन शीतपेट्या घेतल्या होत्या. बाहेरगावचं माणूस येईपर्यंत मयत ठेवायला, अगदी फुकट. तिन्हींवर फोटो नानांचा. आणि आज सकाळी चाळीसगावहून धुळे रस्त्याने निघताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा नानांकडे काही मागितलं. या गटातून जिल्हा परिषदेची उमेदवारी. अर्ज त्याने भरून ठेवला होता. पक्षाचा एबी फॉर्म नानांच्या खिशात होता, नावाची जागा कोरी, आणि तीनच्या आत तो कचेरीत पोचवायचा होता. ‘बघू’ म्हणाले होते नाना. खरं तर द्यायचंच त्यांच्या मनात होतं.

पण मग पहिलं दार लागलं. तिथे नवरा गेलेल्या भागाबाईने नानांना नुसते हात जोडले आणि बन्सीलालला पाहून हंबरडा फोडला. ‘‘बन्सीभाऊ, तुमनी पेटी उनी म्हनीसन पोऱ्याले बापनं तोंड दखाले भेटनं!’’

पोराला बापाचं तोंड बघायला मिळालं, ते कशामुळे? तुमनी पेटी! पेटीवर हातभर फोटो नानांचा, आणि पेटी म्हणे बन्सीलालची. नानांच्या पोटात जे दुखायला लागलं ते गाडीत बसल्यावरही थांबेना. दुसऱ्याच्या गळ्यात हार पडला म्हणून माणूस जळतो, हे आपण समजू शकतो. नानांचा जळफळाट होत होता तो दुसऱ्यापाशी कुणी रडलं म्हणून. गाडी चालवत होता त्यांचा भाचा भूषण. पस्तिशीचा, धुळ्यात ठेकेदारी करणारा. त्यानेही ‘असू द्या’ म्हणून अर्ज भरून ठेवला होता. त्याला गावात कुणाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यापाशी कधी कुणी रडलंही नव्हतं. त्याच्या शेजारी बसलं की नानांना बरं वाटे.

तर हे दुसरं दार. आपल्याला कुणाची गरज नाही, हे नानांना आज दाखवायचंच होतं. निधन कळवणारा शोकसंदेश मोबाइलवर आलेला होता. चष्मा न लावता, मोबाइल लांब धरून, तळाशी ठळक अक्षरांत दिसलेलं नाव त्यांनी गाडीत दोनदा घोकलं होतं.

ते मांडवात जाऊन बसले. शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे गप्प झाले. नानांची मान सवयीने डावीकडे मागे कलली, ती त्यांनी सरळ केली.

‘‘जीवरामआबा गेले,’’ ते दाटल्या आवाजात म्हणाले. ‘‘गावाचा आधार गेला.’’

कुणी हुंदका दिला नाही. ओट्यावरच्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला, पण तो रडण्यासाठी नव्हे.

म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. ‘‘नाना, जीवराम मी शे,’’ तो म्हणाला. ‘‘गया तो मना भाऊ, झुलाल. तठे खाले मनं नाव शे, कळवनाराना जागावर.’’ नानांचा हात त्याने खांद्यावरून अलगद काढून त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि मागे पाहिलं. ‘‘बन्सीभाऊ, उभा काबर? आठे या, आठे बठा.’’

बन्सीलाल बसायच्या आत नाना उठले.

‘‘मुद्दाम गप्प राहिलास,’’ गाडीपाशी येताच ते म्हणाले. ‘‘माझी फजिती बघायची होती तुला.’’

‘‘तुम्हीच नको म्हणालात, नाना.’’

‘‘मी म्हणालो! वीस वर्षांत माझं कधी ऐकलं नाहीस, आणि आजच बरं ऐकलंस! भूषण, पेन दे.’’

गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून नानांनी भाच्याचं नाव घातलं. बॉनेट तापलेलं होतं, हात पोळला, तरी त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. बन्सीलालने ते उभ्याउभ्या वाचलं.

‘‘पुढच्या दारी, नाना...’’ तो म्हणाला, आणि थांबला.

‘‘काय पुढच्या दारी?’’

‘‘काही नाही. जपून जा.’’

तो गाडीत बसला नाही. पुन्हा चपला काढून मांडवात गेला. जीवरामआबांनी सरकून त्याला जागा करून दिली, आणि ओट्यावरची झुलालआबांची बायको त्याला पाहून रडायला लागली. नानांनी गाडीच्या काचेतून हे सगळं पाहिलं.

तिसरं दार परतीच्या वाटेवर होतं. मांडव मोठा, माणसं गच्च भरलेली. नाना मधोमध बसले. सगळ्यांनी बोलणं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी डावा कान मागे कलता केला.

मागून भूषण वाकला.

‘‘मामा,’’ तो कुजबुजला, ‘‘इथं कोण गेलं?’’