माणूस असल्याचा पुरावा

"कोनाला पटायचं नाय रंभे, पन आज कॉम्प्युटर मला पंखा विकायला बसला," पायरीवर चपला काढता काढताच काशीरामनं सुरुवात केली.

त्याची बायको रंभा पडवीत मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "हरकत भरली का?"

बिल्डरच्या नकाशात त्यांच्या गास गावातल्या वाडीतली विहीर गेली होती. सरकारी साइटवर हरकत नोंदवायची मुदत आज पाचपर्यंत. आता सव्वापाच झाले होते.

"तेच तर सांगतो. अल्पेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसलो. साइट म्हनते, आधी मानूस असल्याचं सिद्ध करा. नऊ चित्रं आली. 'झुळूक' पंखा असलेली निवडा. निवडली. मग म्हनते, झुळूकची जाहिरात पुरी बघा आनि तिचं घोषवाक्य लिवा. लिवलं! आख्खं दुकान हसतंय."

रंभेच्या बोटातली कळी बोटातच राहिली. ते पाहून काशीरामला चेव आला.

"तरी सोडते काय? परत नऊ चित्रं. नुसते टॉवर! म्हनते, तुमचं घर निवडा. आनि शेवटच्या चौकटीत बघतो तर आपली विहीर! कठड्यावरचा तुळशीचा डबासुद्धा. वर बावीस माळ्यांचा टॉवर. त्याच्यावर बोट ठेवल्याबिगर पुढं जाऊच देईना. मी पन हट्टी, बसलो तसाच. पाच वाजले नि साइट बंद."

बोलताना त्याचा एक हात बंडीच्या खिशावर होता. तरी चकचकीत, रंगीत माहितीपत्रकाचा कोपरा बाहेर डोकावतच होता.

रंभेनं टोपली बाजूला सरकवली. "पंखा खरा," ती म्हणाली.

काशीराम दचकला. त्याच्या गोष्टीतलं काही खरं आहे, असं या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"दुपारी अल्पेश लॅपटॉप घेऊन इथं आला. म्हनाला, काका पंख्यापर्यंत आले, कोनाचा तरी फोन आला नि उठून गेले. सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय. मीच बसले. पंखा निवडला, घोषवाक्य लिवलं, हरकत भरली." तिनं पदराला हात पुसले. "पन पंख्यानंतर सरळ फॉर्मच उघडला. विहीर नव्हती हो त्यात. आपल्या विहिरीवरचा टॉवर तुमी कुठं बघून आलात?"