चढणीवरचा सौदा

चढ निम्मा सरला तोच जैनोद्दीनच्या बैलाच्या तोंडाला फेस आला. नळदुर्गच्या बाजारात हातावर हात मारून ठरलेली अट साधी होती. दगडांनी भरलेली गाडी बैलानं न बसता माथ्यावर न्यायची. नेली, तर बैल घेऊ पाहणाऱ्या बसप्पाचा आणि बसप्पाची दुभती म्हैस जैनोद्दीनची. बसला, तर ज्याचं त्याच्याकडं. जैनोद्दीनला म्हैस हवीच होती. घरी आईवेगळा नातू दुधावाचून वाळत चालला होता.

पण याहून जड गाडी या बैलानं हसतखेळत ओढली होती. जैनोद्दीननं वाकून मागं पाहिलं. डावं चाक फिरतच नव्हतं, नुसतं घासत येत होतं. आऱ्यांत बाभळीचा दांडका अडकवलेला होता.

हटकल्यावर बसप्पानं लपवाछपवी केली नाही. "म्याच घातलाय. माझ्याकडं रोज असंच राबायचंय त्याला," म्हणाला आणि त्यानं टोकदार पराणी बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसली. रक्त आलं.

बैलानं मान खाली घातली आणि दांडक्यासकट गाडी रेटली. इमानी जनावर, त्याला अटीतलं काय कळतंय! माथा अगदी पुढ्यात आला. इतका वेळ बैल बसू नये म्हणून जैनोद्दीन अल्लाची करुणा भाकत होता. आता तो चढू नये म्हणून भाकू लागला. नातवाचं सुकलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं. तरी त्यानं बैलाच्या गळ्याखाली हात घातला, रोज गोठ्यात बसवताना घालायचा तसा, आणि कानाशी पुटपुटला, "बैठ, बेटा."

बैल बसला.

बसप्पा आधी चरफडला, मग हसला. असला बैल हातचा सोडायला तो काय खुळा होता? एवढं ओढलं, लई झालं, म्हणाला. अट म्या सोडली. म्हैस ने, वर निजामाचे हाली रुपये घे.

"अट तुमची एकट्याची न्हवती, अप्पा," जैनोद्दीन म्हणाला. "दोघांची हुती. म्या न्हाय सोडली."

त्यानं बैलाच्या मानेवरचं जू उतरवलं.

"आन् नातवाला काय पाजशील?" बसप्पानं विचारलं.

जैनोद्दीन पटक्याच्या सोग्यानं बैलाचं रक्त पुसत राहिला.