हरिदासमामाचं नाक

"कोणाले विचारून कुलूप लावलं?" लोकेश गोदामाच्या दारातूनच ओरडला.

पूर्णिमा मॅडमनी किल्ली खिशात टाकली. "आत काय आहे ते ज्या ड्रमवर लिहिलेलं नाही, तो बाहेर निघणार नाही."

लोकेशच्या डोक्यात तिडीक गेली. सुरक्षेची नवी अधिकारी म्हणून ही बाई उरला औद्योगिक वसाहतीतल्या या तारेच्या कारखान्यात येऊन चार दिवस झाले नव्हते, आणि हिनं आल्या आल्या काम बंद पाडलं होतं.

तार ओढण्याआधी तिचा गंज अॅसिडच्या हौदात धुऊन काढतात. त्या हौदात ड्रम ओतायचं काम लोकेशचं. ड्रम सगळे निळे, भनपुरीच्या भंगारवाल्याकडून उचललेले. एकावर 'कैरी लोणचं' असं छापलेलं, आत अॅसिड. दुसऱ्यावर कुठल्याशा सरबतवाल्याचं नाव, आत ब्लीच. हे दोन एकत्र आले की जो वायू उठतो तो माणसाची छाती जाळतो. साध्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, तर तेवढ्याचाही मालकाला कंटाळा. सगळा कारखाना एका माणसाच्या नाकावर चालायचा. तो माणूस म्हणजे स्टोअरकीपर हरिदास, लोकेशचा सख्खा मामा.

मामा ड्रमचं झाकण उघडायचा आणि लोकेशला जवळ ओढायचा. "सांग पोट्ट्या, काय वास येऊन राहिला तुले?"

"नाक झोंबून राहिलं, मामा," लोकेश सांगायचा. नाहीतर, "धुतलेल्या संडासावानी."

मग मामा स्वतः वाकून हुंगायचा आणि निकाल द्यायचा. सहा वर्षांत लोकेश एकदाही चुकला नव्हता, तरी मामानं परीक्षा घ्यायची सोडली नव्हती. शिकवावं तर असं, हे लोकेश घरी दीक्षाला, आपल्या बायकोला, कितीदा तरी अभिमानानं सांगायचा.

गेल्या महिन्यात तो मेहुणीच्या लग्नाला गोंदियाला गेला आणि नेमका त्याच दिवशी घात झाला. त्याच्या जागी ओतायला उभ्या असलेल्या चिरागनं अॅसिडच्या हौदात ब्लीचचा ड्रम रिकामा केला. हिरवट पिवळा धूर उठला. चिराग अजून दवाखान्यात, तोंडात नळी. मी दाखवलेला ड्रम त्यानं उचललाच नाही, असं मामा म्हणाला. ते खोटं आहे म्हणायला चिरागला बोलता कुठं येत होतं? लोकेशनं मात्र मामाचं ऐकून चिरागलाच शंभर शिव्या घातल्या होत्या.

आणि आता ही बाई मामाच्या मुळावर उठली होती. दिवाळीनंतर मामा निवृत्त होणार. त्याआधी हिनं वर काही लिहून पाठवलं, तर तीस वर्षांच्या नोकरीला डाग लागून म्हातारा घरी बसणार.

"मॅडम, हरिदासचं नाक म्हणजे आपली लॅब आहे," मॅनेजर श्रीपाद साहेब घाम पुसत म्हणाले. "बारा वाजले. लाइन चालू करा."

"साहेब, हुंगून रसायन ओळखायचं नसतं. एखाद दिवशी तेच शेवटचं हुंगणं ठरतं."

"तीस वर्षं झाले, अजून जिता हाव," हरिदास म्हणाला. "तुम्ही शाळेत होत्या, पोरी, तवापासून हुंगून राहिलो मी."

सगळे हसले. पूर्णिमा हसली नाही. तिनं पिशवीतून तीन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं, तोंडात कापसाचे बोळे. तिच्या हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

"काका, यांच्यात काय आहे ते सांगा. खात्री पटली तर किल्ली देते. बाकीच्यांनी दूर व्हा. लोकेशभैया, तुम्ही पार तिकडे, फाटकाजवळ."

"मी काहून? मी रोज मामाजवळच उभा राहतो."

"म्हणूनच म्हणते."

लोकेश दात खात फाटकापाशी गेला. काय माज आहे एकेकाला! बाटल्यांना नाक लावायचं मामानं, आणि ही मोजे घालून तमाशा बघणार.

हरिदासनं पहिला बोळा काढला, बाटली थेट नाकाला लावली आणि एकदा वळून लोकेशकडे पाहिलं. धुळीनं आणि संतापानं लोकेश नाक चोळत होता.

"अॅसिड," हरिदास म्हणाला.

"पक्कं?"

"हव. पक्कं."

दुसरी त्यानं जरा लांब धरली. "ब्लीच." तिसरीला नुसता नाकाचा शेंडा लावला. "हा कॉस्टिक सोडा. यात काय ओळखाचं?"

पूर्णिमानं तिन्ही उत्तरं वहीत लिहिली आणि त्याच्यापुढे धरली. हरिदासनं झोकात सही ठोकली. श्रीपाद साहेबांनी टाळी वाजवली.

"झालं समाधान?" लोकेश फाटकावरून गरजला. "आता माफी मागा मामाची! सगळ्यांसमोर!"

पूर्णिमानं हातातले मोजे काढले. मग पहिली बाटली उचलली आणि तोंडाजवळ नेली.

"मॅडम!" लोकेश धावला. एवढ्याशा अपमानापायी कोणी अॅसिड पितं का? त्यानं झडप घालून तिच्या हातातली बाटली हिसकावली. अर्धी त्याच्याच हातावर सांडली, मनगटापासून कोपरापर्यंत. अॅसिड भाजायला किती वेळ घेतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि वाट पाहिली.

काहीच झालं नाही. हाताला फक्त गार लागत होतं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा पूर्णिमा दुसरी बाटली पिऊन संपवत होती. "तिन्हींत कूलरचं पाणी आहे, लोकेशभैया," ती म्हणाली.