शहाण्णव गुणांचं गाजर

संध्याकाळच्या भाजीलाही शेगडी पेटली नाही, तेव्हा लीलावती खरातांनी कढई ओट्यावर आपटली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पोषणमापक बसवल्यापासून हेच चाललं होतं. ज्यात गुण जास्त, तेच वाढायचं. फ्रीजमधलं गाजर कच्चं वाढलं तर शहाण्णव, शिजवलं तर एकाहत्तर. म्हणून यंत्रानं शेगडीच बंद करून टाकली होती.

"शिजवल्यावर क जीवनसत्त्व कमी होतं, मावशी," आहार अधिकारी देवस्थळी म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

"आणि तुपावर परतलं की गाजर अंगी लागतं, ते कुणी मोजायचं?"

"ते सरासरीत धरलंय."

वीस वर्षं लीलावतीबाईंचा एक नेम होता. पंगत उठली की परत आलेलं प्रत्येक ताट त्या स्वतः बघत. मोरीजवळ दुपारची ताटं होती, त्यातलं सोनटक्के गुरुजींचं त्यांनी उचललं. गुरुजींच्या तोंडात एकही दात नव्हता. गाजराच्या चकत्या जशाच्या तशा होत्या; एका चकतीवर तेवढी हिरड्यांची ओली खूण होती.

ते उष्टं ताट त्यांनी मापकाखाली धरलं. हिरवा दिवा लागला. शहाण्णव.



"गुरुजींसाठी शेगडी पेटवा," लीलावतीबाई म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून पंगतीला या यंत्रालाच बसवा. मी वाढते."